कारणाचा रकाना

पिंपरी,
रविवार, दि. ९ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप गं. भा. वहिनींस,

दत्तोबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सर्व इथे खुशाल आहोत. आपली आणि आपले बंधू सोपानराव यांच्या घरची खुशाली कळवत जावी. आपलं कार्ड गुरुवारी पोचलं. सोपानरावांनी भोसरीच्या माणसाबरोबर धाडलेले कांदेही पोचले. शालनने त्यातले निम्मे आनंदाने शेजारी वाटले आणि उरलेले महिनाभर कसे पुरवायचे म्हणून आता माझ्याशी भांडते आहे. तिचा गुडघा थंडीत दुखत होता, आता बरा आहे. मंजुळा इथल्या शाळेत दुसरीत बसायला लागली. पाढे चांगले म्हणते, अक्षर मात्र माझ्यावर न जाता कोंबडीवर गेलं आहे.

क्वार्टर चांगलं आहे. दोन खोल्या, मागे मोरी आणि घरात नळ. नळाला सकाळी सहा ते आठ पाणी असतं, त्यामुळे चिंचवडला विहिरीवर बायकांचं जे बोलणं व्हायचं ते इथे होत नाही, अशी शालनची तक्रार आहे. भिंतींना नवा चुना आहे. टेकून बसलं की पाठ पांढरी होते आणि माझा काळा कोट घरात आला की त्याला कोणी हात लावू देत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कार्डावर तुम्ही एकच गोष्ट विचारली आहे आणि ती विचारायला दोन महिने घेतले आहेत. चऱ्होलीच्या शाळेतल्या मास्तरांनी त्या शब्दाचा अर्थ ‘टाकाऊ’ सांगितला, आणि तुम्ही खाली लिहिलंत, ‘तू सांगशील तो खरा.’ हे वाचून मला हसूही आलं. मी इंग्रजी शिकायला लागलो तेव्हापासून तुम्ही रोज सकाळी भाकरी थापताना एक शब्द मागायचात. मी शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा आणि मगच भाकरी ताटात पडायची. शाळेत मी जे विसरलो ते तुम्ही विसरला नाहीत. शेजारची अंबूबाई पाण्याला दिसली नाही की तुम्ही म्हणायचात, ‘आज अंबू अबसेंट.’ कोंबडी अंड्यावरून उठेना तेव्हा ती ‘ऑन ड्यूटी’ होती. माझी वाचनाची पुस्तकं उघडून मराठी वाचायलाही तुम्ही तशाच शिकलात, आणि दादा चिडवायचा की दत्तूच्या एका फीमध्ये दोघं शिकतायत.

तेव्हा तुमच्या शब्दाचा अर्थ नीट सांगतो. मास्तरांचा चुकला आहे.

‘अनसर्व्हिसेबल’ हे विशेषण आहे. ते वस्तूला लागतं, माणसाला लागत नाही. माणसाला लावायचा शब्द वेगळा आहे आणि त्यात पेन्शनीचा संबंध येतो. जुनं म्हणजे अनसर्व्हिसेबल नव्हे. आमच्या सरकारी मालाच्या डेपोत पहिल्या लढाईतले हातोडे आहेत, दांडा बदलला की आजही चालतात. मोडकं म्हणजेही नव्हे, कारण मोडकं दुरुस्त होत असेल तर ते ‘रिपेअरेबल’. मळलं, गंजलं, विटलं, विरलं, यातलं काहीही एकट्याने पुरत नाही. वस्तू ज्या कामासाठी दिली होती ते काम ती आता करत नाही आणि दुरुस्त करूनही करणार नाही, एवढंच त्या शब्दात आहे. तंबूचं कापड इतकं विरलं की ठिगळाचा टाकाच धरत नाही, तर तो तंबू म्हणून अनसर्व्हिसेबल. पण त्याच्या धडक्या भागाच्या पिशव्या शिवतात आणि त्या आणखी दहा वर्षं जातात. मग तो टाकाऊ कसा म्हणावा?

हा शब्द आम्ही मनाला येईल तसा वापरत नाही. वर्षातून दोनदा बोर्ड बसतो. मैदानात सगळा जुना माल रांगेने मांडायचा, तीन साहेब रांगांमधून चालतात, मी पुढे होऊन नंबर पुकारतो. एक साहेब बादलीला बुटाने ठोकून बघतो, दुसरा आत वाकून बघतो, तिसरा घड्याळ बघतो. त्यांचं ठरलं की मी मेणाच्या निळ्या खडूने मालावर शब्द लिहितो. पुरता शब्द लिहायचा. एकच अक्षर लिहिलं तर मागून कोणीही त्याचं दुसरं करील.

आणि शब्द एकट्याने कधी लिहायचा नसतो. रजिस्टरात त्याच्यापुढे कारणाचा रकाना असतो. वस्तू का गेली ते तिथे लिहावं लागतं. दहातल्या नऊ वस्तूंपुढे मी ‘फेअर वेअर अँड टेअर’ लिहितो, म्हणजे रास्त वापराने झीज, कोणाचा दोष नाही. फार सोयीचे शब्द आहेत. दोष असेल तर मात्र कोणाचा ते नावानिशी लिहावं लागतं. रकाना कोरा राहिला तर पान परत येतं. चांगल्या मालावर हा शब्द लिहिणं तर सरळ गुन्हाच. एका स्टोअरकीपरने धड घमेल्यांवर लिहिला होता, त्याची चौकशी झाली.

चिंचवड सोडलं त्या हलवाहलवीच्या दिवशी मी तोच खडू घरातल्या सामानावर चालवला. सवयच लागली आहे, काय करणार. कुठलं सामान गाडीत चढवायचं आणि कुठलं नाही, हे हमालाला कळावं एवढाच हेतू होता. तुमच्या बाजेचं म्हणाल तर या दोन खोल्यांत बाज मावण्यासारखी नव्हती. तुम्ही त्या दिवशी ‘हा कंचा शब्द?’ म्हणून विचारलंत आणि मी ‘काही नाही, हमालासाठी खूण आहे’ म्हणालो, ते घाईत म्हणालो. गाडीवाला खोळंबला होता.

तुम्ही त्याच दिवशी सोपानरावांच्या गाडीतून चऱ्होलीला गेलात, ते कांद्याच्या लावणीला हात हवे होते म्हणून, असं मी इथे विचारणाऱ्यांना सांगत असतो. लावणी केव्हाच उरकली असेल. तिथली हवा तुम्हाला मानवते असं सोपानरावांच्या माणसाने सांगितलं, बरं वाटलं.

शब्दाचा उलगडा झाला असेल अशी आशा करतो. प्रकृतीला जपावं. सोपानरावांस नमस्कार, घरातल्या लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञांकित,
दत्तोबा


•


चऱ्होली,
शुक्रवार

चि. दत्तूस आशीर्वाद.

तुजं पत्र पावलं. दोन येळा वाचलं. शब्द समजला. मास्तरला बी सांगितला, त्यो म्हनला येवढं पुस्तकात न्हाई.

आता माजं ऐक. बाज मी दिवाळीच्या आदी सोता भरली, नवी सुतळी घालून. पाय हालत न्हाई. सोपानचा जावई आला व्हता, तुला म्हाईत हाय केवडा हाय, त्यो तिच्यावर झोपून गेला. म्हंजी बाज काम करती. मग तिला त्यो शब्द कसा लागला? जागा न्हाई म्हनतोस त्यो जागेचा दोष, बाजेचा न्हवं. तूच लिवलंस शब्द येकटा लिवायचा नसतो. बाजेचं कारन तू लिवलं न्हाईस. त्ये कळव.

खूण मी पुसली न्हाई. सोपानची बायकू राखंनं घासाय निघाली व्हती, म्या हात धरला. ज्यानं लिवलं त्यानंच खोडायचं आन् सही करायची, ह्ये तूच सांगितलंस, नोकरीच्या पयल्या साली.

शालनच्या गुडघ्याला एरंडाचं पान बांद म्हनावं. मंजीला पापा. कार्ड भरलं.

सुभद्राबाई


•


पिंपरी,
बुधवार, दि. १९ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप गं. भा. वहिनींस,

साष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड सोमवारी आलं. सोमवारी उत्तर लिहायला बसलो, मंगळवारीही बसलो. दोन्ही कागद फाडले. दोन्हीत मी हवापाण्याचंच लिहीत होतो.

कार्ड आलं तेव्हा मी कामावर होतो, त्यामुळे ते आधी शालनने वाचलं. घरी आलो तर चहा समोर ठेवून ती म्हणाली, ‘बाज दारामागं बसते. आपण आलो त्याच आठवड्यात मी वितीनं मोजलंय. दार उघडंबी राहतं.’ मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? ती म्हणाली, ‘मला वाटलं, त्या माझ्यावर रागावून गेल्या. डाळीच्या डब्यावरून आमचं वाजलं होतं ना, म्हणून.’

वहिनी, दोन महिने ती हे मनात धरून होती आणि मला ते ठाऊक होतं. डाळीच्या डब्यावरून तुमचं वाजलं आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं होतं. मी तिला तसंच समजू दिलं. कारण त्यात माझी सुटका होती. सोमवारी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त रात्री माझं ताट वाढून स्वतः आत जाऊन बसली. काल सकाळपासून बोलायला लागली आहे, पण अजून कामापुरतंच.

तेव्हा आता तुम्हालाही सांगतो. तुम्ही कारण विचारलंत. ते बाजेपासून सुरू होत नाही, दसऱ्यापासून होतं.

दसऱ्याला आमचे हेडक्लार्क दौलतराव सोनं द्यायला चिंचवडला आपल्याकडे आले होते, आठवत असेल. मी लढाईच्या साली डेपोत लागलो तेव्हापासून हे गृहस्थ माझ्या वर आहेत, आणि पहिल्यांदाच आपल्या घरी येत होते. मी सकाळपासून कावराबावरा झालो होतो. तुम्ही चहा आणलात. दांडीला चीर गेलेला कप नेमका त्यांच्या हाताशी होता. तुम्ही तो उचललात, दुसरा पुढे केलात आणि म्हणालात, ‘ह्यो नगा घिऊ साहेब, ह्यो रिपेरेबल हाय. ह्यो घ्या, सर्व्हिसेबल.’

ते इतके हसले की चहा धोतरावर सांडला. तुम्हीही हसलात, कारण तुम्हाला वाटलं साहेब खूश झाले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. मी रजिस्टर पुढे केलं की कोणीतरी म्हणायचा, ‘आधी वहिनीसाहेबांच्या बोर्डाकडून पास करून आणा.’ चार दिवस हे चाललं. त्यात वाईट मनाचं कोणी नव्हतं, लोक असेच हसतात. मीही हसलो. तुमची नक्कलही एकदा करून दाखवली. हे लिहायला मला फार जड जातं आहे, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाचव्या दिवशी क्वार्टरचे फॉर्म आले. माझं क्वार्टर दौलतरावांच्या भिंतीला भिंत लागून मिळणार होतं. फॉर्मात कुटुंबातल्या माणसांची नावं लिहायची होती. मी स्वतःचं लिहिलं, शालनचं लिहिलं, मंजुळेचं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

भावजय नियमात बसत नाही हे खरं आहे. पण मी कोणाला विचारायलाच गेलो नाही. स्वतंत्र अर्ज करता येतो, एका पानाचा, हे मला माहीत होतं, कारण दुसऱ्यांचे असले अर्ज मीच इंग्रजीत लिहून देतो. तुमच्यासाठी तो लिहिला नाही. मला डोळ्यांपुढे दिसत होतं, सकाळी भिंतीपलीकडे दौलतराव दाढी करतायत आणि अलीकडे तुम्ही नळावर मंजुळेला मोठ्याने इंग्रजी शब्द विचारताय. मला तुमची लाज वाटली.

दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत मी तुम्हाला हे सांगू शकलो असतो. तुम्ही दिवाळीच्या आधी बाज भरायला घेतलीत, तेव्हा मी दुसऱ्या टोकाला सुतळी ताणून धरली होती. तुम्ही म्हणालात, ‘नव्या घरात जायाचं तर ढिली बाज कशाला न्यायची.’ मी ‘हो’ म्हणालो आणि सुतळी ताणत राहिलो. फॉर्म तेव्हा भरून गेलेला होता.

मग सामान काढायचा दिवस आला. तोवर मी तुम्हाला काहीच बोललो नव्हतो. खडू हातात होता. जात्यावर लिहिलं, फुटक्या रांजणावर लिहिलं, आणि बाजेपाशी आलो तेव्हा तिच्यावरही लिहिलं. तोंडाने सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. तुम्हाला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण तुमची झोपायची जागा गाडीत चढत नाही हे कोणालाही वाचता आलं असतं. तरी तुम्ही मला संधी दिलीत. आजवर विचारत होतात तसाच, ‘हा कंचा शब्द?’ म्हणून विचारलात. इतक्या वर्षांत मी तुम्हाला शब्दाचा अर्थ सांगितला नाही असं एकदाच झालं, ते त्या दिवशी. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. सोपानराव हलवाहलवीला मदत करायला म्हणून गाडी घेऊन आले होते, त्यांच्या गाडीत बाज चढवायला सांगितलीत आणि माझ्या मुलीच्या हातावर गूळ ठेवून निघून गेलात.

गाडी वळली तेव्हा मला मोकळं वाटलं. हेही लिहून टाकतो, म्हणजे मागे काही राहणार नाही. मोकळं वाटलं, आणि ते आठवडाभरही टिकलं नाही.

गेले दोन महिने दौलतराव भिंतीपलीकडे राहतात. चांगले शेजारी आहेत. रोज सकाळी खाकरतात, रेडिओ लावतात, आमच्याकडे काय चाललं आहे याकडे त्यांचं अजिबात लक्ष नसतं. मी कोणाच्या कानाला भ्यालो होतो ते मलाच आता नीट सांगता येत नाही.

आणखी एक. परवा बसून त्या कपाचा विचार केला. दांडीला चीर गेली होती, कप फुटला नव्हता, आणि मी नंतर ती चिकटवली. आज त्यात शालन चहा पिते. म्हणजे तो कप रिपेअरेबलच होता. दुसरा सर्व्हिसेबल होता. तुमचा वापर बिनचूक होता, वहिनी. आमच्या डेपोत रोज शंभरदा हे शब्द उच्चारले जातात, आणि इतके नेमके कोणी वापरत नाही. मी तर नाहीच, ते बाजेवर दिसतंच आहे. त्या दिवशी मी दौलतरावांना एवढं म्हणायला हवं होतं की साहेब, त्या बरोबर बोलल्या. तेवढं माझ्याच्याने झालं नाही.

काल अर्ज लिहिला. वरच्या साहेबाकडे जायच्या आधी त्यावर हेडक्लार्कची सही लागते, म्हणून दौलतरावांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वाचला. मग म्हणाले, ‘राव, इथं आई लिहा. भावजय म्हटलं की कागद वर जाईल आणि वरच राहील. कोण बघायला येतंय?’ मी म्हटलं, एक खोटी नोंद आधीच अंगाशी आली आहे, दुसरी नको. अर्जात लिहिलं आहे ते असं : ‘दिवंगत थोरले बंधू चिमाजी यांची पत्नी. अर्जदार सहा वर्षांचा असल्यापासून यांनी त्याला वाढवलं. बंधूंच्या मागे व्यापाऱ्याकडे धान्य निवडून त्याला मॅट्रिकपर्यंत शिकवलं.’ ते पुन्हा वाचून दौलतरावांनी विचारलं, ‘त्या कपवाल्या?’ मी म्हटलं, होय, त्याच, आणि त्या दिवशी त्यांचा शब्द बरोबर होता. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि सही केली. हसले नाहीत. हसले असते तरी चाललं असतं.

मंजुरी येईल की नाही सांगता येत नाही. पाहुणा माणूस महिनाभर राहिला तर कोणी हरकत घेत नाही, तोवर उत्तर येईलच. नामंजूर झालं तर चिंचवडला पुन्हा खोली बघायची असं ठरवलं आहे. शालनने मला न विचारताच अंबूबाईकडे तसा निरोप धाडला. नळ सुटेल म्हणून ती थोडी खट्टू आहे, पण विहिरीवर बोलायला मिळेल म्हणून तितकीच खूशही आहे.

येत्या रविवारी सकाळी मी सायकलने भोसरीवरून चऱ्होलीला येतो. निळा खडू बरोबर आणतो. डेपोचा नाही, विकत घेतला आहे. खूण तशीच ठेवलीत ते चांगलं केलंत, तुमच्या लक्षात नियम पक्का आहे. शब्दावर एक आडवी रेघ मारीन, खाली सही आणि तारीख घालीन. तुम्ही समोर उभं राहून बघा. सोपानराव, त्यांच्या पत्नी, मास्तर, ज्यांना ज्यांना तो शब्द तुम्ही दाखवला असेल त्यांनाही बोलवा. लिहिलं चारचौघांत, तर खोडायचंही चारचौघांत.

बाज इकडे आणायची की तिथेच राहू द्यायची, ते तुम्ही ठरवायचं. सोपानरावांच्या घरात तुम्ही सुखाने असाल आणि माझ्या दारामागच्या जागेत यावंसं वाटत नसेल, तर तसं सरळ सांगा. मी चहा घेऊन परत येईन. तुम्ही या, असं मला फार वाटतं. मंजुळेला मी सकाळी शब्द विचारतो तर ती म्हणते, मोठी आई आली की सांगेन. पण यासाठी तुमच्यावर जोर करण्याचा हक्क माझा राहिलेला नाही. तुम्ही आला नाहीत तरी शब्द मात्र मी खोडूनच जाणार.

तुम्ही मागितलेला रकाना खाली भरतो. रजिस्टरात जसा भरतात तसाच.

वस्तू : बाज, एक.
शेरा : अनसर्व्हिसेबल. चुकीने लिहिला, रद्द.
कारण : माल धड होता. लिहिणाऱ्याला आपल्या माणसाची लाज वाटली.
दोष कोणाचा : खाली नाव आहे त्याचा.

तुमचा,
दत्तू